पेशकारांचं बेट

गंगाखेडच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारे पेशकार कधी खोटं बोलत नसत. उशीर झाला तर साहेबांना सरळ "झोप लागली" म्हणून सांगत. दर उन्हाळ्यात आठ दिवस रजा घेऊन ते गोदावरीतल्या बेटावर भोयांच्या खोपटात राहायचे. परतल्यावर महिनाभर भोयांची गाणी गुणगुणायचे. "लय हिरवं हाय हो तिथं. मोर हातातले दाणे खातेत," म्हणायचे.

एकदा नव्या साहेबांनी बंदूक पुसत विचारलं, "पेशकार, उस टापू पर शिकार मिलता क्या?"

पेशकारांची मान खाली गेली. "नहीं हुजूर. सिर्फ सांप हैं."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी रजाच मागितली नाही. मी कारण विचारलं. साहेबांच्या दाराकडं बघत ते हळूच म्हणाले, "सापांत कोन जातंय हो सुट्टीला?"