यादीतला बेचाळिसावा दोष

लॅबताईंना कुणी "कशा आहात?" असं विचारलं, तर त्या खरोखरच सांगायच्या. उजवा गुडघा, डावा डोळा, मोरीतला गळका नळ, सगळं क्रमाने. विचारणारा घड्याळाकडे बघायला लागला की त्या थांबायच्या, पण उत्तर अर्धंच दिलं याची रुखरुख त्यांना दिवसभर लागून राहायची. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काचेच्या नळ्यांशी संसार केलेली ही बाई. पाण्याला रंग आला तर आला म्हणायचं, नाही आला तर नाही. साहेबांना घरी जायची घाई आहे म्हणून नळीतला रंग बदलत नाही, हे त्या एका साहेबांना तोंडावर म्हणाल्या होत्या. असल्या माणसाला निवृत्तीनंतर घरात बसवून ठेवणं घरच्यांना परवडत नाही. त्यांच्या शिंपी नवऱ्याने महिन्याभरातच हात टेकले. "अगं, माझ्या शिवणीत खोट काढण्यापेक्षा बाहेर कुणाच्या तरी काढ," असं त्याने सुचवलं.

बाहेरचं काम धाकट्या भावाने मिळवून दिलं. धाकटा एका लहानशा गावात पाण्याच्या टाकीवर होता. तिथे प्रयोगशाळा नाही, तंत्रज्ञ नाही, नुसती टाकी आणि ब्लीचिंग पावडरची पोती. किती पाण्याला किती पावडर टाकायची, हे सांगणारं एक सॉफ्टवेअर तो वापरायचा. त्याचं नाव 'मात्रा'. फुकट मिळायचं आणि त्याचा आतला कोड कुणीही उघडून वाचावा, सुधारावा, अशी मोकळीक होती. त्यातले दोष गोळा करून लिहून ठेवायचं काम लॅबताईंनी अंगावर घेतलं. ते ज्याने एकट्याने सुरू केलं, त्या प्रोग्रामरला लॅबताई मूळपुरुष म्हणायच्या. मूळपुरुष हुशार होता, पण वादाचा वास आला की गोगलगाईसारखा आत जायचा.

मात्राची वेबसाइट म्हणजे एकच करडं पान. वर नाव, मधे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं बटण, आणि बटणाच्या शेजारी ठळक अक्षरात 'काय चालत नाही'. ते दाबलं की लॅबताईंची यादी उघडायची. यादीची शिस्त प्रयोगशाळेतली. प्रत्येक दोषाला क्रमांक, लक्षण काय, दुरुस्त होईपर्यंत काय करायचं, कळवणारा कोण, तारीख. दोष दुरुस्त झाला तरी खोडायचा नाही, वरून रेघ मारायची, म्हणजे काल काय चुकत होतं तेही दिसतं. असे एक्केचाळीस दोष त्यांनी लावून ठेवले होते. गावोगावचे टाकीवाले आधी यादी वाचायचे आणि मग बटण दाबायचे. जो आपली खोट आपण सांगतो त्याचा बाकीचा शब्द मानायला हरकत नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता.

सतरावा दोष धाकट्याने कळवलेला. टाकीच्या मधोमध भिंत असेल तर मात्रा दोन्ही कप्प्यांना पूर्ण टाकी धरतं आणि दुप्पट पावडर सांगतं. उपाय: येईल तो आकडा निम्मा करा. हे दुरुस्त करायचं तर अर्धं सॉफ्टवेअर उलटंपालटं करावं लागेल, असं मूळपुरुष चार वर्षं सांगत होता. चार वर्षं टाकीवाले मुकाट्याने निम्मं करत होते.

मग मात्राचं नशीब उघडलं, म्हणजे वाटोळं सुरू झालं. लोकोपयोगी सॉफ्टवेअर निवडणाऱ्या कुठल्याशा बड्या संस्थेने विचारणा केली, आणि कामाची माणसं एका रात्रीत चेहऱ्याच्या मागे लागली. आपली प्रतिमा सुधारली पाहिजे! समिती नेमली गेली. लॅबताई आणि मूळपुरुष तिच्यावर होतेच. समितीवर जाहिरातीच्या धंद्यातले एक गृहस्थ हौसेने आले. त्यांच्या शर्टाला सुरकुती नाही, कपाळाला नाही आणि बोलण्यालाही नाही. लॅबताईंच्या नवऱ्याने त्यांना एकदा बायकोच्या खांद्यावरून पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "हा इस्त्रीसाहेब कोण?" तेच नाव राहिलं.

इस्त्रीसाहेबांनी टाकी कधी आतून पाहिली नव्हती, बाहेरून तरी पाहिली होती का याचीही शंकाच. पण टाकीवाल्यांना काय 'वाटलं पाहिजे' हे त्यांना पाठ होतं.

"वेबसाइट म्हणजे आपलं दार," ते व्हिडिओवरच्या बैठकीत म्हणाले. "दारावर कुणी आपल्या आजारपणाची यादी लावतं का?"

"औषधाच्या बाटलीवर लावतात," लॅबताई म्हणाल्या.

मूळपुरुषाच्या खिडकीतून हसल्यासारखा आवाज आला आणि लगेच बंद झाला. इस्त्रीसाहेब मात्र चिडले नाहीत. चिडणारा माणूस परवडतो, हा त्यातला नव्हता. आठ दिवसांनी त्यांनी लॅबताईंना एकटीला फोन केला. "ताई, खरं सांगू? मात्राचा चेहरा म्हणजे तुम्ही. बत्तीस वर्षांची तपश्चर्या! पहिल्या पानावर आम्हाला तुमचा फोटो हवाय. आणि खाली तुमचा संदेश, दर आठवड्याला नवा. त्याची किल्ली तुमच्याच हातात, आम्ही कुणी बोट लावणार नाही."

आता इथे सांगायला नको वाटतं, पण लॅबताईंच्याच रीतीने सांगायचं तर सगळं सांगायला हवं. बाई विरघळल्या. बत्तीस वर्षांत प्रयोगशाळेने त्यांचा फोटो फक्त ओळखपत्रापुरता काढला होता, तोही डोळे मिटलेला. त्या ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत गेल्या, मान कुठल्या बाजूला कलती ठेवावी हे फोटोवाल्याला दोनदा विचारून आल्या. पुढच्या बैठकीत ठराव आला की दोषांची यादी पहिल्या पानावरून हलवून प्रोग्रामर लोकांच्या कोडच्या कोठीत ठेवावी, 'ज्यांना गरज आहे त्यांना ती सापडेलच'. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यात आधी लॅबताईंचा हात वर गेला. नळीतला रंग कुणासाठी बदलत नाही म्हणणारी बाई ती हीच.

"उसवलेलं दिसू नये म्हणून वरून फीत लावणारे शिंपी मी पुष्कळ बघितलेत," नवरा मशीनवरून मान वर न करता म्हणाला. "गिऱ्हाईक घरी जाऊन बसलं की फाटतंच."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?" लॅबताई म्हणाल्या.

नवी वेबसाइट आली. निळ्याशार पानावर एक थेंब उगाचच घरंगळायचा. त्याखाली 'पाण्याइतकं सोपं' हे घोषवाक्य. पाणी सोपं असतं हे ज्याने लिहिलं, त्याला पावसाळ्यातला गढूळ हौद उपसायला लावला पाहिजे. बटणाच्या शेजारी, जिथे आधी 'काय चालत नाही' होतं, बरोबर तिथे मान कलती करून हसणाऱ्या लॅबताई. आणि खाली 'वापरणाऱ्यांचे अनुभव', त्यात पहिलाच धाकटा. टाकीच्या शिडीपाशी उभा, आणि फोटोखाली त्याचं वाक्य: 'मात्रा आल्यापासून हिशोबाची चिंता नाही.'

धाकट्याचा फोन आला. "ताई, फोटो झकास आहे. पण माझं वाक्य अर्धंच टाकलंय."

"म्हणजे?"

"मी लिहून दिलं होतं, हिशोबाची चिंता नाही, फक्त मधल्या भिंतीचं तेवढं लक्षात ठेवून निम्मं करावं लागतं. पुढचं सगळं कापलं त्यांनी."

"अरे, जागा कमी असते तिथे," लॅबताई म्हणाल्या. अर्ध्या उत्तराने दिवसभर बेचैन होणाऱ्या बाईंना त्या दिवशी झोप छान लागली.

तीन आठवडे गेले. धाकट्याचा एक दोस्त होता, त्याच्याच बरोबर काम शिकलेला, दोन गावं पलीकडे टाकीवर असणारा. त्याच्याकडे नवी टाकी बांधली, मधे भिंत असलेली. त्याने मात्रा उतरवून घेतलं, आकडे भरले, आलेली पावडर तोलून टाकली. सकाळी गावभर नळाला वास. लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले, शाळेने पोरांना घरी पाठवलं, भरलेली भांडी लोकांनी रस्त्यावर ओतली. दुपारपर्यंत टाकीखाली गर्दी आणि संध्याकाळी वरून हुकूम. त्याला टाकीवरून काढून कचेरीत बसवलं, पाण्याच्या तक्रारी लिहून घ्यायला. स्वतःच्याच नावाच्या तक्रारी माणूस दिवसभर लिहीत बसला.

धाकटा त्याला भेटून आला आणि त्याने ताईला फोन लावला. नेहमीसारखं "काय गं" म्हटलं नाही.

"मी त्याला म्हटलं, एक फोन करायचास ना रे मला. तर म्हणतो, तुझाच फोटो होता तिथे, तूच म्हणत होतास चिंता नाही, मग विचारायचं काय? ताई, मी कुणाला खोटं सांगितलेलं नाही. पण आता त्याच्या लेखी मी खोटा. माझं तोंड काढ तिथून."

लॅबताईंनी फोन ठेवला. त्यांना लाज वाटली. स्वच्छ, उघडी लाज, दुसऱ्या कुणावर ढकलता न येणारी.

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी बैठक बोलावली. इस्त्रीसाहेबांनी निवेदन तयारच ठेवलं होतं: सदर वापरकर्त्याने सूचना पूर्णपणे वाचल्या नाहीत.

"कुठल्या सूचना?" लॅबताईंनी विचारलं. "कुठे वाचायच्या त्याने? तुमच्या त्या थेंबावर?"

"ताई, भावना समजू शकतो. पण यादी उपलब्ध होती. आणि आपली निवड पुढच्या महिन्यात आहे. तेवढं होऊ द्या, मग यादीचा विषय मतदानाला घेऊ."

"म्हणजे महिनाभर आणखी गावांनी दुप्पट टाकायची?"

"असं नकारात्मक नका ना मांडू."

मूळपुरुषाची खिडकी काळी होती. लॅबताई त्या काळ्या चौकोनाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तरी बोला." चौकोन काळाच राहिला.

मात्राच्या कोडमध्ये कुणालाही दुरुस्ती सुचवता येते, पण ती स्वीकारायची समितीने. समितीच्या हाताखाली नसलेली एकच जागा त्या सगळ्या वेबसाइटवर होती, आणि ती इस्त्रीसाहेबांनीच मोठ्या प्रेमाने आंदण दिली होती. लॅबताईंनी आपल्या फोटोखालचा 'ताईंचा संदेश' उघडला. तिथे त्यांनीच मागच्या आठवड्यात 'थेंब थेंब मोलाचा' असं काहीतरी भुक्कड लिहून ठेवलं होतं. ते पुसलं. तिथे एक्केचाळीस दोष पहिल्यापासून चिकटवले. सतराव्यात कळवणारा म्हणून धाकट्याच्या खाली त्याच्या दोस्ताचं नाव घातलं, तारखेसकट. मग बेचाळिसावा लिहिला.

'४२. लक्षण: ही वेबसाइट उघडल्यावर मात्रात काहीच दोष नाही असं वाटतं. पहिल्या अनुभवातलं वाक्य अर्धं आहे. पुढचा अर्धा भाग असा: फक्त मधल्या भिंतीचं तेवढं लक्षात ठेवून निम्मं करावं लागतं. उपाय: वरची यादी वाचल्याशिवाय बटण दाबू नका. कारण: समितीने हात वर केले, पहिला हात माझा. कळवणारी: लॅबताई.'

संदेशाची चौकट लांबत गेली आणि तिने थेंब, घोषवाक्य, हसरे चेहरे, सगळ्यांना खाली ढकलून दिलं. इस्त्रीसाहेबांचे त्या दिवशी नऊ फोन आले. दहावा आलाच नाही. त्यांनी प्रकल्पाला शुभेच्छा देऊन रजा घेतली होती, शुभेच्छांनाही सुरकुती नव्हती. बड्या संस्थेने निवड दुसऱ्या कुणाची केली. आणि ज्यासाठी अर्धं सॉफ्टवेअर उलटंपालटं करावं लागणार होतं, चार वर्षं जमत नव्हतं, ते काम मूळपुरुषाने नऊ दिवसांत करून टाकलं. लोकांसमोर लाज वाटली की माणसाच्या बोटांत केवढी ताकद येते! लॅबताईंनी भिंतीच्या टाकीचे आकडे घालून तीनदा तपासलं आणि मगच सतराव्या दोषावर रेघ मारली.

धाकट्याने यादीचा कागद छापून घेतला आणि दोस्ताकडे नेला. दोस्त अजून तक्रारींच्या वहीपाशीच बसवलेला होता. त्याच संध्याकाळी धाकट्याने ताईला फोन केला.

"वाचलं का त्याने?" लॅबताईंनी विचारलं.

"पूर्ण वाचलं. मग विचारलं, हे इतकं नीट लिहिलेलं होतं, तर मी उतरवून घेतलं तेव्हा हे कुठे होतं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बटणाच्या शेजारीच असायचं. तेव्हा तिथे माझ्या ताईचा फोटो होता."

"बरोबर सांगितलंस," लॅबताई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी यादी उघडली, बेचाळिसावा दोष पुन्हा वाचला, आणि त्यावर रेघ न मारता यादी मिटली.