पडद्यावरचे शेवटचे शब्द

रत्नागिरीच्या कॉलेजात जुना युद्धपट दाखवायचा होता आणि नंतर मुलांशी बोलायला लढाई पाहिलेला माणूस हवा होता. तिथे शिकणाऱ्या आम्रपालीने आपल्या वाडीतल्या रामजीआजोबांचे नाव सुचवले. एकाहत्तरच्या लढाईत ते आणि तिचे आजोबा रघू एकाच खंदकात होते. परतले एकटे रामजी.

पुढे देवरूखच्या शाळेत शिपायाची नोकरी करून ते निवृत्त झाले; लढाईविषयी कधी बोलले नाहीत. एकदाच बोलले होते, रघूच्या दारात. ‘सगुणाला सांग, मुलाला शिकव,’ एवढे म्हणून रघूने डोळे मिटले, असे त्यांनी सांगितले. वास्तविक रघू एक शब्दही न बोलता गेला होता. पण तान्हे मूल कडेवर घेतलेल्या सगुणेपुढे रिकाम्या हाताने उभे राहणे रामजींना जमले नाही. तंबूत पाहिलेल्या एका सिनेमातले मरण त्यांनी मित्राला देऊन टाकले.

आज पडद्यावरही तसेच झाले. छातीत गोळी लागलेला शिपाई बायकोचे नाव घेत कितीतरी वेळ बोलत राहिला. मागे व्हायोलिन वाजत होते. नातीचे कौतुक पाहायला आलेल्या सगुणावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

रामजींनी मुलांना सांगितले, की स्फोटाचा उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो. सिनेमात दोन्ही एकदम. समोरच्याचा चेहरा सहसा दिसतच नाही. बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो, तो मात्र कुणी दाखवत नाही.

श्रुती नावाच्या मुलीने विचारले, “आजोबा, मरताना एवढं बोलता येतं?”

रामजींची नजर पहिल्या रांगेकडे गेली. खोटे एकदा बोलून झाले होते. या पोरांसमोर पुन्हा ते तोंडातून निघेना.

“नाही बाळा,” ते म्हणाले. “मी ज्यांना पाहिलं, त्यांना वेळ मिळाला नाही.”

कार्यक्रमानंतर दोघे एसटी स्टँडच्या बाकावर येऊन बसले. मग सगुणावहिनी म्हणाल्या, “भावजी, ह्यांनी जन्मात माजा नाव घेतलान नाय. ‘घरात सांग’ म्हनले असते. तुमी ‘सगुणा’ म्हनलात, तवाच मला कळला.”

मग इतकी वर्षे गप्प का राहिलात, असे रामजींनी खालमानेनेच विचारले.

“तुमी येवडा लांबून आनलेलात. टाकून कसा देऊ?” त्यांनी पदर सारखा केला. “आता खरा काय झाला ता सांगा.”

देवरूखच्या गाडीला अजून अर्धा तास होता.

“सकाळ होती, वहिनी,” रामजी म्हणाले. “त्याच्या हातात चहाचा मग होता. निम्माच प्यायला होता.”