सुंभाच्या गाठी

दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांचा ट्रे मी उलटा ठेवला होता, आणि दोष गाठवाल्या दादांवर ढकलला. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे मी स्वतःला सावरत लिहीन.

रत्नागिरीजवळच्या आमच्या संशोधनाच्या बागेत दादा आंब्याची कलमं बांधायचे. पान चुरगळून नाकाशी धरलं की झाड कोणतं ते सांगायचे. हापूस आणि नीलम यांच्या संकराची नव्वदेक रोपं त्यांनीच वाढवली होती. प्रत्येक रोपाला त्याचा नंबर सांगणारी सुंभाची दोरी. मोठी गाठ म्हणजे दहा, लहान म्हणजे एक. मी नंबरांच्या छापील पट्ट्या आणल्या तेव्हा म्हणाले, "शाई दोन पावसाळ्यांत जातेय सर. गाठ जात नाय."

गुणसूत्रांचा नकाशा करायला मी हिमाचलात चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांवर शिकलो होतो. चिडाच्या बीत आईचा वाटा वेगळा काढून तपासता येतो. आंब्यात आईबापांचा गुंता एकदमच सोडवावा लागतो. नकाशा कसला, असं दादांनी विचारलं. मी सांगितलं, डीएनएतल्या ज्या खुणा पोरांत बहुतेक वेळा जोडीनं उतरतात, त्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात.

"म्हणजे पालीच्या एसटीत एका बाकावरची मंडळी एकाच थांब्याला उतरतात, तसं?"

"बहुतेक तसंच. एखादा मधेच जागा बदलतो."

"तो भांडून उठलेला असणार."

पहिल्या खेपेच्या पानांवरून अर्धा नकाशा छान जमला. दुसऱ्या खेपेला दादांनी पुन्हा त्याच रोपांची पानं नंबरवार आणून दिली, आणि मी त्यांचे नमुने ट्रेत भरले. या वेळच्या खुणा आधीच्या खुणांशी काही केल्या जुळेनात. मी महिनाभर आकडे उलटसुलट करत राहिलो. शेवटी सगळ्या गड्यांसमोर कागद पुढे धरून म्हणालो, "दादा, गाठी मोजताना चुकलात तुम्ही."

त्यांनी जवळच्या रोपाचं पान चुरगळलं, हुंगलं, टाकून दिलं. त्या हुंगण्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. पण गोष्ट लांज्यापर्यंत गेली. झाडांचे नंबर चुकवणाऱ्याच्या हातचं कलम कोण घेणार? बागायतदारांनी त्यांना बोलावणं सोडलं, आणि दादा देवरूखकडच्या आपल्या गावी निघून गेले.

गेल्या वर्षी फ्रीझर आवरताना तो ट्रे हाती आला. ट्रेचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, पहिला नमुना त्याच्याशी हवा. माझ्या हस्ताक्षरातला ‘१’ हा आकडा नेमका विरुद्ध कोपऱ्यात होता. नमुन्यांची यादी उलटी करून पाहिली. नकाशा सरळ झाला. आनंद व्हावा की लाज वाटावी, कळेना.

दादांच्या गावी गेलो तेव्हा ते अंगणात सुंभ वळत होते. मी सगळं सांगितलं.

"गाठी बरोबर होत्या, ठाऊक होतं," ते म्हणाले.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी कागद दाखवलात. माज्याकडं नुसतं नाक." मी माफीचं काढताच त्यांनी हात वर केला. "हितं नको. हितं कोंबड्या ऐकतायत. जिथं बोललात, तिथं बोला."

पुढच्या आठवड्यात त्यांना बागेत घेऊन आलो. तेच गडी होते, लांज्याचे बागायतदारही मुद्दाम बोलावले होते. दादा माझ्याकडे न पाहता एका दोरीच्या गाठी चाचपत उभे होते.

"दादांची एकही गाठ चुकली नव्हती," मी म्हणालो. "ट्रे मी उलटा ठेवला, आणि तो तपासायच्या आधी नाव यांचं घेतलं. दादा, मला माफ करा."