दाजींच्या चित्रात काही दिसू नये

आपल्या चित्रात लोकांना काही दिसलं की दुःखी होणारा चित्रकार जगात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या आक्काच्या वाट्याला आला. सेनगावात एका रिकाम्या गोदामात आमचे दाजी भिंतीएवढाली चित्रं काढत. नुसते रंग, रंगांवर रंग. ये-जा करणाऱ्याला थांबवून विचारत, "काय दिसून राहिलं?" त्यानं एखादी वस्तू ओळखली की ती तिथल्या तिथं रंगाखाली गाडून टाकत. एकदा दूधवाल्याला म्हैस दिसली. दोन महिन्यांचं काम म्हशीसोबत गेलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दाजी, रेडकू राहिलं की!" तेही गेलं. आक्का वैतागायची, "अवं, एखादं तरी जित्तं राहू द्या!"

दाजींचा भरवसा एकट्या माझ्यावर. मी मुळातच कमी बोलणारा. मला कधी काही दिसतच नसे. "मेव्हण्यासारखी नजर पाह्यजे," ते चारचौघांत सांगत, "बराबर कोरी." हा मान होता की अपमान, मला अजून कळलेलं नाही.

आक्का आजारी पडली तेव्हा "रविवारी येतो" असं मी फोनवर तीनदा सांगितलं. हिंगोलीहून सेनगाव ते कितीसं लांब! गेलो तो तिला स्मशानात पोचवायलाच. दाजी एवढंच म्हणाले, "रविवारी दाराकडं तोंड करून बसायची."

वर्षभरानं त्यांनी एक करडं चित्र दाखवलं. त्यात ती होती. पाठमोरी, मान जराशी वाकलेली, दाराकडं तोंड. "काय दिसतं?" मी म्हणालो, "काही नाही." दाजी ते गाडतील ही भीती होतीच, पण खरं सांगतो, ती कुणाची वाट बघतेय हे मला तोंडानं म्हणायचं नव्हतं.

गेल्या वर्षी ते चित्र शहरातल्या संग्रहालयात लागलं. लोक माना वाकड्या करकरून गोंधळत होते, दाजी खुशीत होते. माझ्यानं राहवलं नाही.

"दाजी, मी खोटं बोललो. यात आक्का आहे. माझी वाट बघत बसलीय."

आता हे इथंच ब्रश मागतात, असं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला. पुढं गेले, मागं आले. रखवालदार ओरडला, "काका, हात नका लावू!"

"कुठं रे?"

"ही पाठ. ही मान." मी हवेत बोटानं आक्का काढू लागलो.

"न्हाई दिसत," दाजी म्हणाले. "मलाच काहून न्हाई दिसत?" मग त्यांनी माझं मनगट धरलं. "पुन्हा दाखव. सावकाश."

मी पुन्हा मानेपासून सुरुवात केली.