नदीकाठची गिनती

फौज सोडून सहा वर्षं झाली, तरी कुठेही पाठवलं की मी त्याला पोस्टिंगच म्हणतो. चाकणच्या ज्या कंपनीत मी फायर-सेफ्टीचं काम बघतो, तिने आम्हा चौघांना महिनाभर जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं. घरी म्हणालो, "पोस्टिंग आलीय." बायको म्हणाली, "आता कुठली बॉर्डर?"

मी लेखक नाही. चाळिशीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मॅडम म्हणाल्या, वार्षिक अंकासाठी फौजेतली एखादी आठवण लिहा. पण लिहायला बसलो की आधी तो जर्मनीतला रविवारच समोर येतो. म्हणून तिथूनच सुरू करतो. मांडणी चुकली असेल तर सांभाळून घ्यावं.

सुट्टी होती. एक जुनं, नदीकाठचं गाव बघायला आम्ही रेल्वेने गेलो. स्नेहल इंजिनिअर, ताथवड्यात राहणारी. गणेश फिटर, मूळचा नांदेडचा. प्रवीण चाकणजवळच्या गावचा, त्याच्या वडिलांच्या शेताशेजारी आता कंपन्या आहेत. आणि मी. स्टेशनवर उतरल्या उतरल्या मी नंबर वाटले. फौजेत सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, कुठेही निघाला की प्रत्येकाला नंबर असतो. कमांडर "नंबर!" म्हणतो, आणि ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. कुणी मागे राहिलं तर लगेच कळतं.

"ओरडायचंच आहे तर जर्मनमध्ये ओरडू," गणेश म्हणाला. "क्लासमधलं तेवढंच ध्यानात राहिलंय, राव."

मी एक, स्नेहल दोन, गणेश तीन, प्रवीण पाच.

"आन चार नंबर कुनाचा?" प्रवीणने विचारलं.

"राहू दे. जुनी सवय आहे."

"चौघंच हाय आपन, फौजी!"

मी पुलाकडे चालू लागलो. 

पूल ओलांडून गावात शिरलो. दगडी फरशीच्या अरुंद गल्ल्या, लाकडी चौकटीत बसवलेल्या भिंतींची तिरकी घरं, चौकात कारंजं. बाकीचे फोटो काढत होते. माझं लक्ष लागत नव्हतं. पाणी किती वेगाने चाललंय, काठावर बुडणाऱ्याला फेकायचे लाइफबॉय कुठे टांगलेत, चढायला पायऱ्या कुठे आहेत, हेच मी बघत होतो. आळंदीला घाटावर गेलो तरी माझं असंच होतं. घरच्यांना सवय झालीय.

नदीकडच्या वेशीच्या दगडावर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या, प्रत्येकीपुढे एक साल. कोणत्या पुरात पाणी कुठवर आलं त्याच्या त्या खुणा. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर होती. मी हात उंच करून तिला बोट लावलं.

"काका, इकडे बघा, फोटो," स्नेहल म्हणाली.

मला बघता आलं नाही.

आमची इंजिनिअर रेजिमेंट पूर्वेकडे होती तेव्हा एका पावसाळ्यात फ्लड रिलीफची ड्यूटी लागली. एका बोटीत आम्ही पाच जण. सुभेदार साहेब, मी, दोन जवान आणि लान्स नाईक सदाशिव. त्याचा नंबर चार. सदा कोकणातला, खाडीकाठी वाढलेला. मी जालन्याचा. तो रोज मला म्हणायचा, "तुमच्याकडे पाणी टँकरने येतं. बुडालास तर माझी पँट धर, पट्टा नको, पट्टा सरकारी आहे."

दुपार कलली होती. शाळेच्या छतावर अडकलेले नऊ गावकरी आम्ही बोटीत घेतले. रेडिओवर आमच्या बोटीसाठी कॉल आला, "ब्राव्हो, पानी बढ़ रहा है. सीधे वापस आओ. ओव्हर." साहेबांनी "रॉजर" म्हटलं, आणि तेवढ्यात इंजिन बंद पडलं. पाण्याखाली गेलेल्या कुंपणाची तार पंख्यात गुंतली होती. सदाने ऑर्डरची वाट पाहिली नाही. कटर घेऊन मागून पाण्यात उतरला. तार तुटली. इंजिन सुरू झालं. त्याच वेळी वरून एक मोठं झाड वाहत आलं आणि बोटीच्या मागच्या बाजूला घासून गेलं. पाऊस इतका की मागचं टोक दिसत नव्हतं.

साहेब ओरडले, "नंबर!"

एक. दो. तीन. मग पावसाचा आवाज. मग पाँच.

साहेबांनी तीनदा नंबर मागितले. बोटीत नऊ माणसं, त्यांत एका बाईच्या कुशीत तान्हं मूल. बोट धारेत थांबत नव्हती. साहेबांनी बोट काठाकडे वळवली. सदा दुसऱ्या दिवशी मिळाला. कटरचा लूप मनगटात तसाच होता.

त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये चार नंबर कुणाला दिला नाही. तशी ऑर्डर कुणी काढली नव्हती. नवा जवान आला, त्याला सहा दिला.

संध्याकाळी परत निघालो तर पुलावर पळण्याची शर्यत सुरू झालेली. पूल बंद. स्टेशन पलीकडे. माणसं एका छोट्या मोटारबोटीने नदी ओलांडत होती. सदा गेल्यापासून मी बोटीत पाय ठेवलेला नव्हता. पुढची माझी ड्यूटी स्टोअरला लागली होती, त्यामुळे कुणाला कळलंही नव्हतं.

"तुम्ही जा," मी म्हणालो. "पुढचा पूल गाठतो मी. चालायला बरं वाटतं."

"लांबंय तो! गाडी जाईल की," गणेश म्हणाला. "पाण्याला भेता का काय?"

स्नेहलने त्याला कोपराने ढोसलं. तिघं बोटीत चढली. मी काठावरच उभा. नावाडी म्हातारा, जाड स्वेटर घातलेला. तो दोर सोडायला वाकला. तेवढ्यात स्नेहल माझ्याकडे बघत ओरडली, "नंबर!"

कुणीच बोललं नाही. पहिला नंबर माझा होता. तिघंही माझ्या आवाजासाठी थांबली होती. गिनतीतली ती शांतता मला ओळखीची होती. ती तशीच ठेवणं मला जमलं नाही.

"आइन्स," मी म्हणालो, आणि बोटीत पाय टाकला. बोट हलली. मी कठडा घट्ट धरला.

"झ्वाय."

"द्राय."

"फ्युन्फ," प्रवीण म्हणाला.

नावाड्याचा दोरावरचा हात थांबला. त्याने आमच्याकडे पाहिलं, चार बोटं वर केली आणि विचारलं, "फीअर?" म्हणजे चार. मग तो काठाकडे बघू लागला. चार नंबरचा माणूस पळत येत असेल असं त्याला वाटलं असणार. त्याने दोर पुन्हा खुंट्याला गुंडाळला.

स्नेहल समजावायला उठली. मी हाताने तिला बसवलं. काठावरचा रस्ता रिकामा होता. नावाडी शांतपणे वाट बघत होता. मीही बघितली.

मग कुणी येणार नाही अशी मी मान हलवली. त्याने दोर सोडला.

अर्ध्या नदीत प्रवीणने हळूच विचारलं, "फौजी, कोन व्हता?"

मी सांगितलं. लान्स नाईक सदाशिव. नंबर चार.