मासळीच्या बर्फातली लस

निघताना भंडाऱ्यात ओळखीचे एक साहेब म्हणाले, "मॅडम, एका गावची कुत्री टोचून वाघ वाचतो होय?" मी निवृत्त पशुवैद्य, पण हट्टीपणात अजून नोकरीवर आहे. लशीचा डबा उचलला आणि आसगावच्या एसटीत बसले.

गावकुत्र्यांचा डिस्टेंपर हा साथीचा रोग रानात शिरला, की वाघ, बिबटे, रानकुत्री सगळ्यांच्याच जिवावर उठतो. आसगावकडच्या रानात तेव्हा एक वाघीण दोन पिल्लं घेऊन फिरत होती.

अड्याळला एसटी बंद पडली आणि डब्यातला बर्फ वितळू लागला. बाजारातल्या मासळीवालीनं आपला बर्फ ओंजळी भरभरून दिला. त्याचा फायदा आसगावात कळला. मासळीच्या वासावर गावभरची कुत्री आपणहून माझ्यामागे आली आणि टोचायला मला कुणाच्या मागे धावावं लागलं नाही.

मुक्काम शेवंताबाईंकडे होता. त्यांनी गरम भात आणि पाटोडीची (बेसनाच्या वड्यांची) झणझणीत भाजी वाढली. पण माझं लक्ष त्यांच्या मोत्याकडे होतं. वर्षानुवर्षं धान राखणारा तो कुत्रा ओसरीत डिस्टेंपरनं आचके देत होता. लस घेऊन मी उशिरा पोचले होते. दुपारी तो गेला. मला स्वतःचाच राग आला.

शेजारचे दादाजी पोतं घेऊन आले. मेलेलं जनावर रानाच्या कडेला टाकायचं, ही तिथली जुनी रीत.

"द्या वयनी (वहिनी), टाकून येतो. रानातलं जनावर खाईन."

"ज्या बिमारीनं माहा मोत्या गेला, थेच वाघिणीच्या पिल्लायले चारता काय, भाऊजी?"

"कुत्र्यासाठी खड्डा? गाव हासन ना!"

"हासू द्या. वाघीण हाये म्हणून धान खाणारी डुकरं दबून हायेत. खड्डा मी खोदीन."

डोळे पुसून शेवंताबाईंनी पदर खोचला आणि कुदळ उचलली. जमीन कडक होती. मी फावडं घेतलं. हातभर खोदून होईस्तोवर दादाजी नुसते बघत राहिले. मग पोतं खाली ठेवून त्यांनी कुदळ मागितली. कंबरभर खड्ड्यात मोत्याला ठेवून आम्ही वर चुना टाकला.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं नाक मुरडलं. "बाई, मासे खाली ठेवा."

डब्यात मासे नव्हते. साहेबांसमोर मांडायला जपलेल्या लशीच्या रिकाम्या कुप्या होत्या. एका गावानं वाघ वाचतो की नाही, मला ठाऊक नाही. त्या दिवशी मोत्या मात्र वाघिणीच्या तोंडी गेला नाही.

डबा मी मांडीवरच ठेवला.