घरामागच्या तळ्यातले गप्पी मासे

खड्डा आबांनी खणला, हे आधी सांगायला हवं. कारण प्रोजेक्टच्या वहीत पुढे सगळीकडे 'मी' असंच लिहिलं गेलं आहे.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या मार्केट यार्डात त्यांनी वीस-बावीस वर्षं हमाली केली. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि ते घरी बसले. आमचं गाव धुळ्यापासून बसने अर्ध्या तासावर. आई रोज निंदायला जाते, मी कॉलेजला. आबा दिवसभर ओट्यावर असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारायचे. घरात घड्याळ आहे, तरी विचारायचे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय वनस्पतीशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी तिथे काय करते हे घरी सांगता यायचं नाही. आबा विचारायचे, "काय शिकाडतस तठे?" मी म्हणायची, "झाडं." मग ते मान हलवायचे आणि बोलणं संपायचं.

जुलैत मॅडमनी आम्हा सहा जणांना प्रोजेक्ट दिला. घरामागे एक छोटं तळं करायचं, त्यात फक्त आपल्या भागातल्या रानातल्या पाणवनस्पती आणून लावायच्या आणि काय काय जगतं, काय आपोआप येतं, याची नोंद ठेवायची. बाहेरून आलेलं काही नको, विकतचं काही नको. शेवटी सहाही तळी एकमेकांशी ताडून पाहायची. मी घरी हे सांगितलं तेव्हा आबांनी पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला.

"कितलं मोठं लागी?"

मी वहीतलं माप सांगितलं. त्यांनी ते हातांनी मोजून परसात काठीने रेघ ओढली. मग बारा-तेरा दिवस ते बसून खणत होते. गुडघे वाकत नाहीत म्हणून पाय लांब करून बसायचे, थोडं खणायचे, मागे सरकायचे. तळाला काळी माती पसरून धुमसने चोपली. पाणी मुरतं का पाहायला ते एक-एक बादली ओतत आणि काडी रोवून खूण करत. शेजारचे काका भिंतीवरून रोज डोकावायचे.

"आबा, इहीर खंदी ऱ्हायनात का म्हैस बठाडशात?"

"तुलेच बठाडाले खंदी ऱ्हायनू," आबा म्हणायचे. यार्डातून आल्यापासून मी त्यांना कुणाला असं उत्तर देताना ऐकलं नव्हतं.

खड्डा झाला, पाणी भरलं. आता झाडं आणायची जबाबदारी माझी होती.

मला वाटलं होतं, हे सोपं जाईल. मी खेड्यातली, नदी-नाल्यांत वाढलेली. पण पांझरेच्या काठाने दोन रविवार चालले तेव्हा लक्षात आलं की जे सगळीकडे दिसतं ते आपलं नाही. जलपर्णी बाहेरची. बेशरम तर मी जन्मापासून पाहत आले, आमच्या कुडाला तीच आहे, तीही बाहेरची. मी ती मोठ्या विश्वासाने पिशवीतून नेली आणि मॅडमनी हसून बाजूला ठेवली. वर्गातही थोडं हसू झालं. त्यात वाईट काही नव्हतं, पण परतीच्या बसमध्ये मला खूप थकवा आला होता. चालण्याचा नव्हता तो.

काठाची झाडं हळूहळू जमली. लव्हाळा, माका, नीरब्राह्मी, चार पानांची चौपत्ती, पाणकणसाचे दोन कंद. आई संध्याकाळी शेतातून आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मी दिनभर जे उपटस, ते तू घरमा लई येस."

"हाई येगळं शे, आई."

"येगळं काय? बठ्ठं गवतच शे." मग तिने लव्हाळ्याकडे बोट केलं. "हाऊ तठे बांधावर कितला शे. सांगती तं पोतं भरी लयनी असती."

पाण्याचा मधला भाग मात्र उघडाच राहिला. तरंगणारं काही मिळालंच नाही. ऊन पडलं की पाणी कोमट व्हायचं, वर हिरवा तवंग यायचा. आणि एका सकाळी आरोग्य खात्याचा कर्मचारी घरोघरी पाणी तपासत आमच्या परसात आला. तरुण होता, बोलायला चांगला. त्याने वाटीत पाणी घेऊन उजेडात धरलं. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"आबा, गावात डेंग्यूचे दोन पेशंट आहेत. हे बुजवावं लागेल."

"पोरना अभ्यासनं शे ते," आबा म्हणाले.

"अभ्यासाचं असो, अळी ती अळीच. मी पुढच्या शनिवारी येतो. तोवर अळ्या गेल्या तर ठीक, नाही तर मला ग्रामपंचायतीला कळवावं लागेल."

तो चुकीचं बोलत नव्हता. भिंतीवरून काका पाहत होते, ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, आणि आबांना तेच जास्त लागलं असावं. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला निघायच्या आधी आबा चहाची गाळणी घेऊन काठावर बसलेले दिसायचे. अळ्या गाळून ते मातीत टाकायचे. संध्याकाळी परत तेवढ्याच असायच्या. खड्डा बुजला असता तर माझं फार बिघडलं नसतं, कॉलेजमागच्या हौदावर नोंदी करायची सोय होती. पण आबा पुन्हा ओट्यावर जाऊन वेळ विचारू लागले असते.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पाण्यावर सावली हवी. कुमुदाची पानं पसरली की तवंग कमी होईल, ओढ्यातल्या बारीक मासोळ्या मिळाल्या तर त्या अळ्या खातील. कुमुद म्हणजे पाण्यावर तरंगणारी हृदयाच्या आकाराची पानं आणि झालरीसारखं पांढरं फूल. ते मी पाहिलं होतं, जामनेरकडे माझ्या मामांच्या गावच्या नाल्यात. लहानपणी आम्ही ती फुलं कानाला लावायचो.

बुधवारी प्रॅक्टिकल बुडवून गेले. धुळे-जळगाव, जळगावहून जामनेर, तिथून मामांची मोटारसायकल. नाल्यावर पोचलो तर मला आधी जागाच ओळखू येईना. उन्हाळ्यात मशीन लावून नाला खोल केला होता. दोन्ही काठ सरळ कापलेले, पाणी भरपूर, मातकट, आणि काठाला एक पानही नाही.

"आता पानी टिकतं ना, बाई," मामा अभिमानाने म्हणाले. "आमच्या हिरी मार्चपर्यंत चालतीन."

मी "हो" म्हटलं. खरंच चांगलं होतं ते. विहिरींना पाणी आलेलं असताना फुलांबद्दल विचारायची मला लाज वाटली, तरी विचारलंच.

"फुलं? तू धुळ्याहून फुलासाठी आली?" त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सारली. "आन मी समजलो, तुला पाहायला कोणी येऊन राहिलं का काय, ते सांगायला आली."

तासभर आम्ही काठाने चाललो. वरच्या अंगाला, जिथे मशीन वळवायला जागा नव्हती, एक डबकं तसंच राहिलं होतं. त्यात पाच-सहा वेल होते. मॅडमचं सांगणं होतं, थोडंच उरलेलं असेल तर मुळासकट काढायचं नाही. कुमुदाच्या पानाखाली देठालाच बारीक मुळ्या फुटतात, तेवढं पान खुडून लावलं तरी जगतं. मी गुडघाभर चिखलात उतरून अशी चार पानं घेतली. मासोळ्या दिसल्या, पण हाती एकही लागली नाही. मामांनी गोडेतेलाचा रिकामा डबा दिला, त्यात पाणी घालून पानं ठेवली.

जळगावच्या स्टँडवर बस भरलेलीच आली. डबा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "काय आहे डब्यात? तेल सांडलं तर लोक मला शिव्या देतील."

"पाणी आहे."

"पाणी? धुळ्याला पाणी नाही का?"

"आत झाड आहे."

तो वाकून पाहून म्हणाला, "झाड बाई आहे का माणूस? बाई असेल तर अर्ध्या तिकिटात बसवतो." मागच्या सीटवरच्या बायका खूप हसल्या. मीही हसले. मग एरंडोलपर्यंत मला झोप लागली आणि जाग आली ती पाणी पायावर सांडलं तेव्हा. शेजारच्या बाईने न विचारता तिच्या बाटलीतलं पाणी डब्यात ओतलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आबा फाटकात उभे होते. ते उभे राहून वाट पाहतात असं सहसा होत नाही.

"ये, ये. पहिले आठे ये," म्हणत ते मला तसंच परसात घेऊन गेले. "देख."

पाण्यात वीस-पंचवीस बारीक मासे फिरत होते. काहींच्या शेपटीला केशरी ठिपके.

"त्या पानी तपासनारा भाऊनी दिधात. मी सकायमा पंचायतमा जाई उनू. पिशवीमा भरी दिधात, फुकट. आते देख, एक तरी आयी शे का?"

एकही अळी नव्हती. पंचायत आमच्या घरापासून तशी लांब आहे, चढावर. त्या गुडघ्यांनी ते गेले होते आणि पाण्याची पिशवी घेऊन परतही आले होते.

ते गप्पी मासे होते. डासांसाठी सगळीकडे सोडतात ते. तेही बाहेरचे, पार समुद्रापलीकडचे, आणि अळ्यांसोबत इतर बारीक जीवांची अंडी-पिल्लंही खातात. मॅडमनी पहिल्याच दिवशी ज्या गोष्टी तळ्यात नकोत म्हणून सांगितल्या होत्या, त्यांत हे नाव होतं. मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. दिवसभराच्या थकव्याने मला रडू येईल असं वाटलं, पण आबा माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"चांगले शेतस," मी म्हटलं. आणि कुमुदाची पानं पाण्यात सोडली.

जेवताना मात्र राहवलं नाही. खोटं बोलून नोंद ठेवायची तर मग ती कसली नोंद, असं काहीसं डोक्यात होतं. मी सांगितलं की हे मासे आपल्याकडचे नाहीत.

आबा घास हातात धरून थांबले. "मासा बी परदेशी ऱ्हास का?"

"ऱ्हास."

"पानी तं आठलंच शे."

आई हसली. आबा हसले नाहीत. घास ताटात परत ठेवून त्यांनी विचारलं, "काढी टाकू का?"

"नका. शनिवारी ते भाऊ येतीन."

"आन तुना अभ्यास?"

"मॅडमले सांगसू."

सकाळी उठले तर ते गाळणी घेऊन काठावर पालथे पडले होते. बसून हात पोचत नव्हता म्हणून झोपून मासे धरायचा प्रयत्न चालला होता. एक हाती लागला होता, तो लोट्यात फिरत होता. मी लोटा तळ्यात रिकामा केला आणि त्यांना उठवलं. त्यांना उठवायला मला दोन्ही हात लागले.

त्या दिवशी मॅडमच्या केबिनबाहेर मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले आणि सगळं सांगितलं. वडिलांनी सोडले, मी काढणार नाही, असंही म्हटलं. एवढं मी कॉलेजात कधी बोलले नव्हते. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही दमलेल्या दिसत होत्या.

"तुझं तळं मग त्या पाचांबरोबर धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचे स्थानिक म्हणून मोजणार, तू काय मोजणार?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"गप्पी आल्यावर बाकीच्यांचं काय होतं ते मोज. बेडकांची पिल्लं, चतुराच्या अळ्या. दर आठवड्याला. पण पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि आधीच्या नोंदी उपयोगाच्या नाहीत. आणि एक बघ, तळं भरून वाहिलं तरी त्यातला एकही मासा नाल्यात जाता कामा नये."

आधीच्या नोंदी म्हणजे दोन महिन्यांची वही. मी "हो" म्हटलं.

घरी सांगितल्यावर आबांनी कुदळ घेतली आणि तळ्याभोवती हातभर उंच बांध घातला. शनिवारी तो कर्मचारी आला, वाटीत पाणी घेऊन पाहिलं, कागदावर खूण केली आणि निघताना म्हणाला, "आबा, आता दुसऱ्यांना पण सांगा." आबांनी त्याला चहासाठी थांबवलं. भिंतीपलीकडून काकांनी, आपल्या हौदासाठी दोन मासे मिळतील का, विचारलं. आबा म्हणाले, "पोरले इचार. मोजाना शेतस."

मोजायचं काम त्यांनीच मागून घेतलं. मी रविवारी नवी वही घेऊन बसले. कुमुदाच्या चारांपैकी दोन पानं पिवळी पडली होती, दोनांना नवी मुळी दिसत होती. कडेला लव्हाळ्याच्या बुडाशी बेडकांची पिल्लं होती, मासे तिथे शिरत नव्हते. ती पिल्लं मोजायला आबा बराच वेळ पाण्यावर वाकून होते.

"सतरा," ते म्हणाले. मी लिहिलं.

"दम धर." पुन्हा थोडा वेळ. "बारा."

"आबा, सतरा का बारा?"

"दोन्ही. त्या हालतस, मी काय करू?"

"एकच लिहाना ऱ्हास वहीमा."

"मंग खोटं व्हयी," ते म्हणाले. "दोन्ही लिख."

मी सतरा लिहिलं होतं, त्याच्या शेजारी बारा लिहिलं.